गोल्ड विंग : दूरच्या प्रवासाची मोटरसायकल ‘क्लासिक’ कधी ठरते

जुनी मोटरसायकल आणि ‘क्लासिक’ मोटरसायकल यांच्यातली सीमारेषा वयाच्या आकड्याने आखता येते, असा समज संग्राहकांच्या संस्थांची नियमावली वाचताना होतो. परंतु दोन-चार नियमावल्या शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांतले आकडेच एकमेकांशी जुळत नाहीत. ब्रिटनमधील व्हिंटेज मोटरसायकल क्लब 1946 मध्ये स्थापन झाला तो 1930 अखेरपर्यंत तयार झालेल्या, म्हणजे तेव्हा जेमतेम 15 वर्षे जुन्या असलेल्या गाड्या वाचवण्यासाठी. आज हाच क्लब 25 वर्षे पूर्ण झालेली कोणतीही गाडी मान्य करतो. अमेरिकेतील अँटिक मोटरसायकल क्लब 35 वर्षांची अट घालतो, तर त्याच देशातील व्हिंटेज जॅपनीज मोटरसायकल क्लबला 20 वर्षे पुरेशी वाटतात. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची मर्यादा 30 वर्षांची आहे आणि जर्मनीत 1997 पासून मिळणाऱ्या ‘एच’ अक्षराच्या खास नंबरप्लेटसाठीही तेवढेच वय लागते. ब्रिटनमध्ये वाहनकराची सूट मात्र 40 वर्षांनंतर सुरू होते. याचा परिणाम असा की होंडा कंपनीची 2001 सालची गोल्ड विंग एका क्लबच्या दृष्टीने केव्हाच ‘व्हिंटेज’ झाली आहे आणि दुसऱ्याच्या दृष्टीने ती अजून वापरातली साधी गाडी आहे.

फिवाच्या व्याख्येतील एक अट दूरच्या प्रवासासाठी बनलेल्या, म्हणजे ‘टूरिंग’ वर्गातील, मोटरसायकलींना विशेष अडचणीची ठरते. वय आणि मूळ स्वरूप यांबरोबरच ते वाहन रोजच्या वाहतुकीचे साधन नसावे, अशी ही अट आहे. शर्यतीची गाडी हंगाम संपला की आपोआप इतिहासात जमा होते, कारण पुढच्या वर्षीच्या गाडीपुढे तिचा निभाव लागत नाही. परंतु टूरिंग गाडीचा गुणच असा की ती मोडत नाही, थकवत नाही आणि लाखभर मैल झाल्यावरही मालकाला ती विकावीशी वाटत नाही. जी गाडी अजून कामावर आहे तिला कोणी वारसा म्हणत नाही, आणि म्हणून या वर्गातील गाडीचा ‘क्लासिक’पणा तिच्या वयापेक्षा तिच्या मालकांच्या चौकशीतल्या बदलाने अधिक नेमका ओळखता येतो : ती किती लांब गेली हे विचारणे थांबते आणि कारखान्यातून निघाली तेव्हाचे तिच्यात किती शिल्लक आहे हे विचारले जाऊ लागते. गोल्ड विंगच्या जवळजवळ अर्धशतकाच्या वंशावळीत हा बदल निरनिराळ्या पिढ्यांना निरनिराळ्या वेळी भेटला, आणि काहींना अद्याप भेटलेला नाही.

या गाडीचा जन्म मुळात प्रवासासाठी झाला नव्हता, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. 1969 मध्ये होंडाच्या चार सिलिंडरच्या सीबी 750 ने मोठ्या मोटरसायकलींची बाजारपेठ हलवून सोडली होती, पण कावासाकीच्या 903 सीसीच्या झेड 1 ने 1972 मध्ये तिला मागे टाकले, आणि होंडाला सर्वांच्या वर बसेल अशी एक गाडी हवी होती. त्याच वर्षी शोइचिरो इरिमाजिरी यांच्या नेतृत्वाखालील गटाने ‘एम 1’ नावाचा एक प्रायोगिक नमुना तयार केला. त्याचे इंजिन 1470 सीसीचे आणि ‘फ्लॅट’ रचनेचे होते. म्हणजे त्यातील सहा सिलिंडर उभे न ठेवता तीन-तीनच्या दोन आडव्या ओळींत समोरासमोर मांडले होते. विक्रीसाठी निवडलेल्या गाडीत मात्र सहाऐवजी चार सिलिंडर आणि 999 सीसी एवढाच आकार ठेवण्यात आला, आणि जीएल 1000 या नावाने ती 1974 च्या कोलोनच्या प्रदर्शनात मांडली गेली. पाण्याने थंड होणारे इंजिन, चाकाकडे शक्ती नेण्यासाठी साखळीऐवजी फिरता दांडा म्हणजे ‘शाफ्ट ड्राइव्ह’, आणि वजनाचा मध्य खाली राहावा म्हणून आसनाखाली नेलेली पेट्रोलची टाकी ही तिची वैशिष्ट्ये होती. टाकीच्या नेहमीच्या जागी जे दिसत होते ते नुसते कवच होते. त्याच्या पोटात विजेची जोडणी होती आणि सुरुवातीच्या काही वर्षांत बॅटरीने दगा दिल्यास वापरायचा सुटा किक-दांडाही तेथेच ठेवलेला असे.

कारखान्यातून ही गाडी उघडी येत असे : पुढे काच नाही, बाजूला पेट्या नाहीत. अमेरिकेतील ग्राहकांनी तिची शांत चाल आणि निगा न मागणारा शाफ्ट पाहून ती हजार-हजार मैलांच्या सफरींना जुंपली, आणि वारा अडवणारे पुढचे आवरण म्हणजे ‘फेअरिंग’ ते दुसऱ्याच उत्पादकाकडून विकत घेऊन तिच्यावर चढवू लागले. त्यांत क्रेग व्हेटर यांच्या इलिनॉयमधील कारखान्याचे ‘विंडजॅमर’ इतके पसरले की त्या काळच्या छायाचित्रांत त्याच्याविना दिसणारी गोल्ड विंग शोधावी लागते. 1980 च्या जीएल 1100 बरोबर होंडाने स्वतःच्याच फेअरिंगची आणि पेट्यांची ‘इंटरस्टेट’ आवृत्ती विक्रीला आणली, त्याच वर्षी ओहायो राज्यातील मेरिसव्हिल येथे या गाड्यांचे उत्पादन सुरू झाले, आणि 1982 मध्ये अधिक आरामाची ‘ॲस्पनकेड’ आली. ग्राहकांनी बाहेरून जोडलेल्या सामानातून कंपनीने आपल्या पुढच्या गाडीचा आराखडा उचलला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

येथेच संग्राहकांपुढचा पहिला पेच उभा राहतो. 1975 ते 1979 या काळातील जीएल 1000 सर्वांत आधी क्लासिक म्हणून मान्य झाली, कारण ती उघडी होती आणि 1970 च्या दशकातील इतर जपानी मोटरसायकलींच्या रांगेत सहज शोभत होती. परंतु तिला प्रदर्शनासाठी तयार करताना मालक प्रथम विंडजॅमर काढून टाकतात, चौकटीवरचे त्याचे टेकू उतरवतात आणि मूळ दिवा व हँडल शोधून बसवतात. अशा प्रकारे ‘मूळ’ अवस्थेला आणलेली गाडी कारखान्याच्या दरवाजातली गाडी असते, रस्त्यावरची नव्हे, कारण रस्त्यावर ती त्या रूपात कदाचित पहिल्या मोसमापुरतीच राहिली असेल. स्पर्धांच्या परीक्षकांना कारखान्याची यादी तपासणे सोपे जाते म्हणून हीच रीत रूढ झाली आहे. इतिहासाच्या दृष्टीने पाहता, त्या काळचे फेअरिंग, त्या काळचे गाठोडे बांधायचे रॅक आणि प्रवाशाने शिवून घेतलेले जाड आसन यांसह टिकलेली गाडी अधिक दुर्मीळ आणि अधिक सत्य सांगणारी आहे. तिला कमी गुण मिळावेत हे विपरीतच म्हटले पाहिजे.

पुढच्या दोन पिढ्यांचे नशीब वेगळे ठरले. 1980 ची जीएल 1100 आणि 1984 ची जीएल 1200 यांना वयाच्या सर्व अटी पूर्ण करून बराच काळ लोटला, तरी त्यांच्याकडे ‘स्वस्त जुनी टूरिंग गाडी’ म्हणून पाहण्याची सवय सुटली नाही. त्यांचे प्लॅस्टिकचे अंग उन्हाने ठिसूळ होते, रेडिओ-कॅसेटचे बटण तुटले की तसे दुसरे मिळत नाही, आणि वीज निर्माण करणारा स्टेटर इंजिनाच्या मागच्या अंगाला असल्याने तो जळाला तर इंजिन चौकटीतून बाहेर काढावे लागते, ज्याचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. कॅमशाफ्ट फिरवणारे रबरी पट्टे मैल कमी झाले म्हणून दुर्लक्षिले तर तुटतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणजे न वापरलेली गाडी वापरलेल्या गाडीपेक्षा अधिक धोक्याची ठरते. 1985 च्या मर्यादित आवृत्तीत कार्ब्युरेटरऐवजी संगणकनियंत्रित इंधन-फवारणी आणि प्रवासाचा हिशेब दाखवणारा पडदा बसवलेला होता. ती त्या काळी वर्गातली सर्वांत पुढारलेली गाडी होती आणि नेमक्या त्याच कारणाने आज दुरुस्त करायला सर्वांत कठीण आहे.

जर्मन उदाहरणाशी तुलना केली की क्लासिकपणाला वयाखेरीज आणखी काय लागते ते दिसते. कारखान्यातून संपूर्ण फेअरिंगसह येणारी बीएमडब्ल्यूची आर 100 आरएस 1976 ची, म्हणजे जीएल 1000 ची समवयस्क. परंतु हवेने थंड होणाऱ्या, ‘एअरहेड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिच्या इंजिनाचे कूळ 1996 मध्ये संपले, त्याआधीच नव्या रचनेची इंजिने येऊन बसली होती, आणि ही रेघ इतकी ठळक होती की तिच्या अलीकडची प्रत्येक एअरहेड, मग ती अगदी 1995 ची असो, जवळजवळ एका रात्रीत संग्रहयोग्य मानली गेली. हार्ले-डेव्हिडसनच्या 1965 पासून चालत आलेल्या इलेक्ट्रा ग्लाइडच्या बाबतीत नेमके उलटे घडले : नव्या गाडीचे रूप जुनीसारखेच राखले गेल्याने कोणती पिढी इतिहासाची आणि कोणती दुकानातली, हे सराईत डोळ्यांखेरीज कोणाला सांगता येत नाही. गोल्ड विंगमध्ये असा तुटक बिंदू 1988 मध्ये आला. जीएल 1500 मध्ये एम 1 चे सहा सिलिंडर अखेर विक्रीच्या गाडीत उतरले, इंजिन 1520 सीसीचे झाले, आणि जड गाडी मागे घेण्यासाठी स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्सही मिळाला. चार सिलिंडरच्या सर्व गाड्या त्या क्षणी आधीच्या युगातल्या ठरल्या.

मालकांच्या संघटनेतही हाच बदल उमटला. 1977 मध्ये फिनिक्स येथे सुरू झालेली गोल्ड विंग रोड रायडर्स असोसिएशन ही सफरी, मेळावे आणि सुरक्षित चालवण्याचे शिक्षण यांसाठी होती. जतन हा तिचा हेतू नव्हता. तिचे सभासद एकत्रच म्हातारे झाले आणि 2022 मध्ये तिने काम थांबवले. चालवणाऱ्यांची संघटना मिटते आणि तीच गाडी जतन करणाऱ्यांच्या क्लबात दाखल होते, ही संक्रमणाची पायरी कोणत्याही नियमातील आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह खूण आहे.

भारतीय कायद्याने याबाबत सर्वांत कडक माप निवडले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहनच ‘व्हिंटेज’ ठरते, मग ते आयात केलेले असले तरी चालते. त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे, आणि रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी ते रस्त्यावर काढता येत नाही. या मापाने अगदी पहिल्या वर्षीची जीएल 1000 सुद्धा 2025 पर्यंत थांबली, आणि 1985 मध्ये आलेली यामाहा आरएक्स 100, जिच्यासाठी पुण्या-कोल्हापुरातील तरुण आज नव्या गाडीएवढे पैसे मोजतात, 2035 पर्यंत थांबणार आहे. आरएक्स 100 प्रवासी गाडी नव्हे; तरीही कायदा आणि रसिकांचे मत यांच्यातील अंतर तिच्यावरून चटकन ध्यानात येते.

जीएल 1500 चे उत्पादन 2000 मध्ये थांबले आणि 1832 सीसीची, ॲल्युमिनियम चौकटीची जीएल 1800 तिच्या जागी आली. फिवाच्या हिशेबाने हिची पहिली गाडी 2031 मध्ये पात्र होईल. पण 2006 च्या आवृत्तीत मोटरसायकलवरची पहिली विक्रीस ठेवलेली एअरबॅग आली, आणि अशा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांना वय वाढले म्हणून कोणी हातोडीने सरळ करू शकत नाही किंवा लेथवर नवे घडवू शकत नाही. त्यामुळे पुढच्या पिढीचे संग्राहक बहुधा जीएल 1800 मधली साधीच आवृत्ती शोधतील, जिच्यात एअरबॅग नाही आणि पडदेही कमी आहेत. आणि ज्या सुखसोयींसाठी मूळ ग्राहकाने जास्त पैसे मोजले, त्यांच्याच अभावाला अधिक किंमत येईल.