इथं कुलकर्णी कोण?

चाळीत नवा पोस्टमन आला की काय होते? पाकिटावर नाव असते, पण खोली ठाऊक नसते. मग तो अंगणात उभा राहून विचारतो, "इथं कुलकर्णी कोण?" गॅलरीतून कुणीतरी ओरडते, "मी! दुसरा मजला, सात नंबर!" पोस्टमन ते लक्षात ठेवतो आणि उद्यापासून थेट सात नंबरला जातो.

आज ज्या नियमाविषयी मी बोलणार आहे, तो एवढाच आहे. त्याचे नाव ॲड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल, थोडक्यात एआरपी. कचेरीतले, बँकेतले, घरातले संगणक दिवसभर आपल्या जाळ्यात हाच पुकारा करत असतात. अशा जाळ्यांची देखभाल करण्यात माझी बरीच वर्षे गेली. इतका भाबडा आणि तरीही इतका टिकाऊ नियम माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

हा पुकारा करण्याची वेळ का आली, ते मोठे गमतीचे आहे. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. एकाच केबलवर सगळे संगणक जोडायचे. त्या प्रायोगिक जाळ्यात संगणकाचा क्रमांक अवघ्या ८ बिटांचा होता, म्हणजे फार तर २५६ क्रमांक. एका इमारतीला ते पुष्कळ झाले. पुढे इंटरनेटचा पत्ता ३२ बिटांचा ठरला, तेव्हा हा छोटा क्रमांक त्याच्या पोटात सहज मावत होता. नाव वाचले की खोली कळली, विचारायचे कुणाला?

पण १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी बाजारात आणण्याजोग्या इथरनेटचा आराखडा जाहीर केला आणि क्रमांक एकदम ४८ बिटांचा झाला. या कथेत मुंबईशी नाते सांगणारे एक नाव आहे, योगेन दलाल. मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले. १९७४ साली विंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासह त्यांनी टीसीपीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिला आणि नंतर ते झेरॉक्समध्ये आले. रॉबर्ट प्रिंटिस यांच्याबरोबर १९८१ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी ४८ बिटांमागची भूमिका मांडली: प्रत्येक यंत्राला जगात एकमेव असा क्रमांक असावा, म्हणजे ते कुठेही नेऊन जोडले तरी दुसऱ्याशी टक्कर नको. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी आकडे मांडता येतात. विचार दूरदृष्टीचाच, पण ४८ बिट ३२ बिटांत मावतात थोडेच? नावावरून खोली कळेनाशी झाली.

तोडगा काढला तो अमेरिकेतल्याच एमआयटीच्या डेव्हिड प्लमर यांनी. नोव्हेंबर १९८२मध्ये 'आरएफसी ८२६' या क्रमांकाने त्यांचे छोटेखानी टिपण प्रसिद्ध झाले. सर्वांना ओरडून विचारा. ज्याचा पत्ता असेल तो उत्तर देईल. ते वहीत टिपून ठेवा. उत्तर देणारा खराच कुलकर्णी आहे का, हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. प्लमरांना दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हा एका केबलवरचे शेजारी बहुधा एकाच संस्थेतले, ओळखीचे असत.

१९९० साली इथरनेट स्विच बाजारात आला. तो आणणाऱ्या कंपनीचे नाव 'कल्पना', आणि तिचे एक संस्थापक भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज. पुढे १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली. स्विच पाकीट ज्याच्या त्याच्याच तारेवर सोडतो, त्यामुळे आता कुणाला चोरून वाचता येणार नाही, असा अनेकांचा समज झाला. पण खोट्या उत्तराने पाठवणाराच फसला, तर स्विच बिचारा काय करणार? तो ते पाकीट इमानेइतबारे चोराच्या घरी पोचवतो!

एका कचेरीत मी पाहिले ते तर चोरीही नव्हते. कुणीतरी नव्या प्रिंटरला नेमका बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या दाराचाच, म्हणजे राउटरचा आयपी पत्ता देऊन ठेवला होता. 'मीच तो' असे दोघेही सांगत, आणि ज्याने प्रिंटरचे ऐकले त्याचे इंटरनेट बंद. सकाळभर पगाराचे काम अडले. शेवटी एआरपीच्या तक्त्यात एकाच आयपी पत्त्यासमोर आळीपाळीने दोन वेगळे क्रमांक दिसले, तेव्हा उलगडा झाला. प्रिंटरच्या जागी लबाड माणूस असता तर काम अडलेही नसते. पाकिटे त्याच्या हातून जात राहिली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. अशी खोटी उत्तरे पाठवणारी साधने २००० सालाच्या सुमारास फुकट मिळू लागली होती.

मग स्विचलाच पहारेकरी केले गेले. कोणत्या तारेवरच्या यंत्राला कोणता पत्ता दिला, याची नोंद तो ठेवतो आणि प्रत्येक 'मीच तो' तिच्याशी ताडून पाहतो. जुळले नाही तर ते उत्तर तिथेच टाकून देतो. मात्र अनेक स्विचवर ही तपासणी आपणहून चालू नसते. ती कुणीतरी बसून सुरू करावी लागते. प्रिंटर, सर्व्हर अशा कायम पत्त्याच्या यंत्रांच्या नोंदी हाताने भराव्या लागतात. त्या न भरता तपासणी सुरू केली, की सगळ्यांत आधी बंद पडतो तो प्रामाणिक प्रिंटर. मग ओरड होते, आणि बऱ्याच ठिकाणी पहाराच काढून टाकतात.