अर्धी गाठ

पालघर स्टेशनावरून सातपाटीला निघालेली रिक्षा शिरगावचा किल्ला मागे टाकते आणि खारा वारा तुझ्या तोंडावर येतो. आज 31 जुलै. दोन महिन्यांची मासेमारीबंदी आज संपते, आणि उद्या बाबांची बोट दुसऱ्याच्या नावाने समुद्रात उतरणार आहे. पापलेटला 2023 मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. सातपाटीच्या जाळ्यांत मात्र ते कमी कमी लागत गेलं. बाबांनी व्यवहार केला. तू बोटीतलं आपलं सामान काढायला आली आहेस.

माळ्यावर सापडलेली आजीची जाळं विणायची सुई तुझ्या हातात आहे. बांबूची, तिच्या बोटांनी गुळगुळीत झालेली. अंधार पडतो. तू बोटीच्या नाळेशी टेकून बसतेस.

आधी उत्तरेचा उजेड विझतो. तारापूरची अणुभट्टी अजून सुरू व्हायची आहे, म्हणजे तू 1969 च्या अलीकडे नाहीस. मग डिझेलचा वास जातो. बोटीच्या मध्यावर डोलकाठी उभी राहते, नायलॉनचं जाळं सुती होतं आणि त्याला झाडाच्या सालीच्या काढ्याचा तुरट वास येतो. हातातली सुई खरखरीत होते. नुकतीच तासलेली.

ती आता तुझ्या हातात नाहीच. ओसरीवर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या हातात आहे. कपाळावरून तू तिला ओळखतेस.

14 ऑगस्ट 1942. नारळी पौर्णिमा अजून व्हायची आहे, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या आहेत. सकाळी माणसं तिरंगा घेऊन पालघरच्या कचेरीकडे चालत गेली. आता बातमी परत येते आहे, तुकड्यातुकड्याने, धावत आलेल्यांच्या धापांमधून. गोळीबार झाला. पाच जण गेले. त्यांत सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, खाडीपलीकडच्या मुरब्याचे रामचंद्र चुरी. बायका दारात येतात. कोणी मोठ्याने रडत नाही, अजून नाही. अमावास्या नुकतीच उलटली आहे. समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी दरवर्षी ही नावं घेतली जातात. पण त्या रात्री इथल्या किती घरांत चूल पेटली, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, आणि तुला तेच जाणून घ्यावंसं वाटतं.

मुलीचा हात थांबलेला आहे. दोरा अर्ध्या गाठीत. तिची आई बाहेरून येते, दिव्याची वात सारखी करते, तिच्याजवळ बसते.

"गाठ पुरी कर," ती म्हणते. "सुटली तर मागचंही उसवेल."

मुलगी गाठ ओढते. मग पुढची. हे आजीने तुला कधी सांगितलं नव्हतं. तिने तुला विणायलाही शिकवलं नाही. शाळेत जा म्हणाली.

पहाटे कोणीतरी बोटीच्या फळीवर थाप मारतं. नव्या मालकाचा पोरगा आहे, विशीतला. जाळं चढवताना एका जागी फाटलंय, आणि त्याची प्लास्टिकची सुई सापडत नाही.

"ताई, ती देता?"

तू देतेस. तो सुई उलटसुलट करून पाहतो, हिरवा नायलॉन दोरा तिच्यात भरतो आणि जाळ्याच्या फाटलेल्या घरापाशी उकिडवा बसतो. खाडीत गाळ फार, भरती पुरती चढेपर्यंत बोट हलायची नाही. तेवढ्यात त्याच्या बारा-तेरा गाठी होतात.

मुरब्याच्या बाजूने पाणी चढू लागतं. तू काठावर उतरतेस. सुई त्याच्याच हातात आहे.