मुंबई रणजी संघाचे फलंदाज : भिन्न कालखंडांतील तुलनेचा प्रश्न

प्रस्तावना

एकाच संघाकडून वेगवेगळ्या कालखंडांत खेळलेल्या खेळाडूंपैकी श्रेष्ठ कोण, हा प्रश्न क्रीडेतिहासाच्या अभ्यासकासमोर वारंवार उभा राहतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंविषयी हा वाद पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तो सुटत नाही याचे एक कारण नोंदींच्या पद्धतीत आहे. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेने हंगामोत्तर सामन्यांतील कामगिरी खेळाडूच्या आकडेवारीत धरण्यास २००२ मध्ये सुरुवात केली आणि २००६ पासून नियमित हंगामात बारावा सामना खेळण्यास कायमची मुभा दिली. साहजिकच आधीच्या पिढीचा खेळाडू मैदानावर कितीही चपळ असला, तरी कोष्टकात मागे पडतो.

आपल्याकडे या प्रश्नाचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे मुंबईचा रणजी संघ होय. १९३४-३५ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा या संघाने २०२३-२४ पर्यंत ४२ वेळा जिंकली. त्यांपैकी १५ विजेतेपदे १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग आहेत. बुलडाणा जिल्हा क्रिकेटच्या रचनेत विदर्भाकडे मोडतो. त्यामुळे उंद्रीसारख्या ठिकाणाहून मुंबईच्या फलंदाजांकडे पाहताना आपोआप थोडी तटस्थता येते, हा लाभच मानावयास हवा. प्रस्तुत लेखात विजय मर्चंट, सचिन तेंडुलकर, अमोल मुजुमदार आणि वसीम जाफर यांच्या आधारे या तुलनेची पद्धत तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

सरासरी आणि तिचा काळ

रणजी स्पर्धेत मर्चंट यांनी ४७ डावांत ३,६३९ धावा केल्या. त्यांची सरासरी ९८.३५ आहे. तेंडुलकर यांनी ३८ सामन्यांत ८७.३६ च्या सरासरीने ४,२८१ धावा केल्या. केवळ हे दोन आकडे शेजारी ठेवले तर प्रश्न एका ओळीत निकाली निघतो. परंतु मर्चंट यांच्या आकड्यामागील मैदान कसे होते, हे पाहिल्याशिवाय तो आकडा वाचता येत नाही.

चाळीसच्या दशकातील रणजी क्रिकेट म्हणजे धावांचा महापूर होता. मार्च १९४५ मध्ये ब्रेबॉर्न मैदानावर मुंबई आणि होळकर यांच्यात अंतिम सामना झाला. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या; होळकर संघाने ३६० आणि ४९२. मर्चंट यांच्या २७८ धावा होत्या, तर होळकरांकडून डेनिस कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिले. सी. एस. नायडू यांनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. आजच्या गोलंदाजाला हे सांगितले तर तो हसेल. याच हंगामात मर्चंट यांचे सहकारी रूसी मोदी यांनी पाच सामन्यांत २०१.६० च्या सरासरीने १,००८ धावा केल्या. चार वर्षांनी, १९४८-४९ मध्ये, पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला. त्यात ३८ गडी बाद होऊन २,३७६ धावा निघाल्या. प्रथम श्रेणीच्या इतिहासात याहून अधिक धावांचा सामना नाही. सामने निकाल लागेपर्यंत चालत, खेळपट्ट्या गोलंदाजाला काही देत नसत. अशा काळातील ९८ ही सरासरी आजच्या ९८ इतकी जड नाही, हे उघड आहे.

मग मर्चंट यांच्या आकड्यातून किती वजा करावयाचे? येथे पुष्कळ लेखक घाई करतात. एखाद्या फलंदाजाला त्याच्या काळाने दिलेली सवलत मोजण्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. त्याच मैदानावर, त्याच हंगामात इतरांनी काय केले ही पहिली; आणि तोच फलंदाज परक्या भूमीवर कसा खेळला ही दुसरी. पहिल्या कसोटीवर मर्चंट यांचे मोठेपण थोडे कमी होते, कारण मोदी आणि विजय हजारे हेही त्या काळात धावांचे डोंगर रचत होते. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० धावा केल्या. प्रत्युत्तरात ‘रेस्ट’ संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. दुसऱ्या कसोटीवर मात्र मर्चंट झळाळून उठतात. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात, पावसाळी उन्हाळ्यात आणि ओल्या खेळपट्ट्यांवर, त्यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या. ब्रेबॉर्नची खेळपट्टी त्यांनी सोबत नेली नव्हती. म्हणूनच त्यांच्या रणजी सरासरीतून फार काही वजा करण्याचे कारण नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एक बाब येथे ओझरती नोंदविणे आवश्यक आहे. कोष्टक १९३४ पासून सुरू होते, म्हणून त्यापूर्वीचे मुंबईचे फलंदाज तुलनेत येतच नाहीत. १९२३ मध्ये हिंदू संघाचे नेतृत्व करणारे पळवणकर विठ्ठल हे त्यांपैकी एक. जातीची बंधने ओलांडून या पदापर्यंत पोहोचलेला हा फलंदाज रणजीच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही.

स्पर्धेचे बदललेले स्थान

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. रणजी स्पर्धा नावाने एकच राहिली. पण खेळाडूच्या आयुष्यातील तिचे स्थान पालटले. मर्चंट १९३३ ते १९५१ या काळात अवघे दहा कसोटी सामने खेळले. मधली वर्षे महायुद्धाने गिळली. त्यांच्यासाठी रणजी आणि पंचरंगी हेच प्रमुख क्रिकेट होते. तेंडुलकर यांनी डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध पदार्पणात नाबाद शतक केले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये लाहली येथे हरियाणाविरुद्ध नाबाद ७९ धावा करून मुंबईला विजय मिळवून दिला. या पंचवीस वर्षांत त्यांच्या वाट्याला रणजीचे केवळ ३८ सामने आले. आंतरराष्ट्रीय दौऱ्यांतून उरलेल्या वेळात ते मुंबईकडून खेळले. अशा फलंदाजाच्या एकूण धावा मोजणे अन्यायाचे, आणि केवळ सरासरी मोजणे त्याच्या फायद्याचे. कारण एरवी जागतिक दर्जाच्या गोलंदाजांना तोंड देणारा हा खेळाडू येथे प्रांतिक गोलंदाजीपुढे उभा असे.

याउलट मुजुमदार यांचे सारे आयुष्य याच स्पर्धेत गेले. फेब्रुवारी १९८८ मध्ये तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रमकडून ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा मुजुमदार होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९९३-९४ मध्ये त्यांनी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. २००६-०७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. प्रथम श्रेणीत १७१ सामने, ११,१६७ धावा, सरासरी ४८.१३, कसोटी सामना एकही नाही. एकूण धावांच्या यादीत ते तेंडुलकरांच्या कितीतरी पुढे दिसतात, परंतु त्या आघाडीचे कारण भारतीय संघाचा बंद राहिलेला दरवाजा हे आहे. परक्या भूमीची जी कसोटी मर्चंट यांना इंग्लंडमध्ये मिळाली, ती मुजुमदारांना मिळालीच नाही. त्यांना मर्चंट वा तेंडुलकर यांच्या खाली बसविणारा निर्णय पुराव्यावर नव्हे, तर पुराव्याच्या अभावावर उभा आहे.

जाफर यांचे प्रकरण मात्र अभ्यासकाला क्वचित लाभणारी सोय उपलब्ध करून देते. दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ३१४ धावा करणारा हा सलामीवीर ३१ कसोटी सामने खेळला, मुंबईकडून २००८-०९ मध्ये एका हंगामात १,२६० धावा करून गेला आणि २०१५ मध्ये विदर्भाकडे आला. मुंबईच्या फलंदाजांना मजबूत संघाचा आधार मिळतो, दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभे असते, हा आक्षेप नेहमीचा आहे. विदर्भाने तेव्हा एकदाही करंडक जिंकला नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये इंदूर येथे दिल्लीला हरवून विदर्भाने पहिले विजेतेपद मिळविले, तेव्हा विजयी चौकार जाफर यांच्या बॅटमधून गेला. पुढच्याच हंगामात, वयाच्या चाळिशीत, त्यांनी १,०३७ धावा केल्या आणि नागपुरात सौराष्ट्राला नमवून विदर्भाने करंडक राखला. रणजीच्या इतिहासात एका हंगामात हजारांहून अधिक धावा दोनदा करणारे ते पहिले फलंदाज ठरले. एकदा मुंबईकडून, एकदा विदर्भाकडून. मजबूत संघाच्या आधाराचा आक्षेप निदान त्यांच्या बाबतीत टिकत नाही.

जाफर यांच्या नावावरील १५६ रणजी सामने आणि १२,०३८ धावा मात्र दोन्ही संघांच्या मिळून आहेत. मुंबईच्या फलंदाजांचे कोष्टक करताना पुष्कळदा ही संपूर्ण बेरीज उचलली जाते आणि मर्चंट यांच्या ३,६३९ समोर ठेवली जाते. त्यांतील विदर्भाच्या धावा वेगळ्या काढून नागपूरच्या खात्यावर मांडल्या पाहिजेत.