अलीगढची पोरं, १९२०

दरवर्षी बारावीच्या निकालानंतर काही पालक भेटायला येतात. मुलगा पुण्याला किंवा दिल्लीला शिकायला निघालेला असतो आणि अब्बांची काळजी एकच असते: "सर, त्याला तेवढं सांगा, तिथं राजकारणात पडू नकोस म्हणावं." मी मान डोलावतो. सांगतोही. पण सांगताना मला १९२० सालचं अलीगढ आठवतं.

तेव्हा सर सय्यद अहमद खान यांचं मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज विद्यापीठ होण्याच्या उंबरठ्यावर होतं. त्यासाठी समाजानं वर्षानुवर्षं वर्गणी गोळा केली होती. कायदा मंजूर झाला होता, डिसेंबरपासून तो लागू व्हायचा होता. नेमक्या अशा वेळी, १२ ऑक्टोबरला, गांधीजी आणि अली बंधू तिथं आले. असहकार आणि खिलाफतीचे दिवस. सरकारी अनुदान नाकारा, आणि संस्था ऐकत नसेल तर तुम्ही बाहेर पडा, असं त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं.

आपल्याला वाटतं, पोरं लगेच पेटून उठली असतील. तसं झालं नाही. बऱ्याच जणांनी पाहुण्यांची टिंगल केली. हैदराबादेत जन्मलेला, एम.ए. करता करता तिथंच थोडंफार शिकवणारा एक तरुण त्या दिवशी दिल्लीला गेला होता. परतला तर मित्रमंडळी हसत बसलेली. त्याला ते लागलं. त्याचं नाव झाकिर हुसेन. त्यानं दिल्लीला जाऊन हकीम अजमल खान यांना गाठलं आणि विचारलं, आम्ही कॉलेज सोडलं तर तुम्ही आम्हाला दुसरी संस्था उभी करून द्याल का? आपल्या आयुष्यातला जाणूनबुजून घेतलेला पहिला निर्णय हाच, असं ते पुढे म्हणत. मला यातला व्यवहारीपणा आवडतो. पोरगं नुसत्या घोषणा देत नव्हतं, शिक्षण कुठं मिळणार तेही विचारत होतं.

२९ ऑक्टोबरला, शुक्रवारी, कॉलेजच्याच मशिदीत जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. माल्टाच्या कैदेतून त्याच वर्षी सुटून आलेले देवबंदचे मौलाना महमूद हसन इतके आजारी होते, की त्यांचं भाषण मौलाना शब्बीर अहमद उस्मानी यांनी वाचून दाखवलं. देवबंदचे बुजुर्ग अलीगढच्या मशिदीत येऊन बसले, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हती. बाहेर पडलेल्या पोरांचे वर्ग तंबूंत भरू लागले. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं ते याच लाटेत, १९२१ मध्ये.

जे कॉलेजात राहिले त्यांना भित्रे म्हणायला मी तयार नाही. आधीच शिक्षणात मागे पडलेला समाज. त्यातल्या एखाद्या घरातला पहिलाच मुलगा पदवीपर्यंत पोचलेला. त्याच्या बापानं "आता परीक्षा दे" म्हटलं तर त्यात गैर काय? दोन्ही बाजूंची पोरं एकाच वसतिगृहात राहिलेली, एकाच पंगतीत जेवलेली होती.

पुढं तर पायाखालची जमीनच सरकली. फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजींनी असहकार थांबवला. १९२४ मध्ये खुद्द तुर्कांनीच खिलाफत रद्द केली. ज्या कारणासाठी कॉलेज सोडलं, ते कारणच उरलं नाही. अनेकजण मागे फिरले, पैसा आटला. १९२५ मध्ये जामिया दिल्लीत करोल बागेत हलवली, तेव्हा ती बंद करावी असंच अनेकांचं मत होतं. झाकिर हुसेन त्या वेळी बर्लिनमध्ये शिकत होते. १९२६ मध्ये ते आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब यांना घेऊन परतले. १९२८ मध्ये शिक्षकांनी लिहून दिलं: वीस वर्षं इथंच शिकवू, दरमहा दीडशे रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही. तेवढे हातात पडतील याचीही खात्री नव्हती. (आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं की सगळे चहाच्या कपात बघतात. मीही.) १ मार्च १९३५ ला ओखल्यात इमारतीची पायाभरणी झाली, तेव्हा पहिला दगड शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून बसवला गेला.

यंदा एका अब्बांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, त्यांच्या डिग्रीला सरकारची मान्यता होती का?"

नव्हती. अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९६२ उजाडलं.

"बघा मग," ते म्हणाले.