वाडवडिलांचे विसरलेले धंदे

ज्युबिलीसारख्या मंगल प्रसंगी आपल्या कुळाचा इतिहास जाणण्याची इच्छा अनेक कुटुंबांत उत्पन्न होते, आणि ती सर्वथा स्तुत्य आहे. वंशवेल लिहावयास बसणारे बहुधा नावे व तारखा तेवढ्या गोळा करितात. परंतु ज्याच्या पोटापाण्याचा उद्योग ठाऊक नाही, त्या पूर्वजाची ओळख अपुरीच म्हटली पाहिजे. म्हणून वसई भागातील काही लुप्तप्राय धंद्यांचा विचार आम्ही येथे योजिला आहे.

महाराष्ट्रातील पुष्कळ आडनावे धंदाच सांगतात. पोतदार म्हणजे नाण्यांची पारख करणारा. ते काम केव्हाच संपले, तरी आडनावात टिकून राहिले. आपल्या वाट्यास ही सोय आली नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांत बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावे आली. परेरा ह्या शब्दाचा मूळ अर्थ नासपतीचे झाड असा आहे. हे नाव धारण करणारा गृहस्थ माडावर चढत होता की नांगर धरीत होता, हे त्यावरून कसे कळावे? त्रेंतच्या महासभेने १५६३ साली विवाहांची वही ठेवण्याची आज्ञा धर्मगुरूंस केली, त्यामुळे नावे सुरक्षित राहिली. पण धंदा शोधावयाचा तर जुनी खरेदीखते, घरातील अवजारे आणि वृद्धांची स्मृती ह्यांकडेच वळावे लागते.

पहिला धंदा रहाट हाकणाऱ्याचा. वसईच्या वाड्यांस पाणी विहिरींतून व बावखलांतून मिळे. लाकडी चाकावर दोराने बांधलेली मातीच्या गाडग्यांची माळ असे. बैल किंवा रेडा गोल फिरू लागला की भरलेली गाडगी वर येत, पन्हळीत रिती होत आणि पाटाने पाणी केळी व पानवेली ह्यांस पोहोचे. जनावरामागे फिरणे हे पुष्कळदा घरातील मुलाचे काम. तेलावरची इंजिने व विजेचे पंप आले. त्याबरोबर हाकणारा गेला, रहाट बांधणाऱ्या सुताराचे काम गेले, आणि गाडगी पुरविणाऱ्या कुंभाराचे एक हक्काचे गिऱ्हाईकही गेले.

दुसरा, चुना भाजणाऱ्याचा. किनाऱ्यावरील शिंपले गोळा करून ते भट्टीत भाजावयाचे व पाण्याने विझवून चुना करावयाचा, असा हा उद्योग. सिमेंट येण्यापूर्वी चुन्यावाचून भिंत उभी राहत नसे. बांधविणाऱ्यांची नावे दगडावर कोरली गेली. चुना भाजणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच नाही.

तिसरा, ताडी-माडी काढणाऱ्याचा. झाडावर दिवसातून दोनतीनदा चढावे, माडाची पोय बांधून हलके ठोकावी, कोयतीने तिचे टोक पातळ कापावे व खाली मडके अडकवावे. हात चुकला तर रस आटे. पाय चुकला तर जीव जाई. सरकार दर झाडामागे कर घेई. १८७८ च्या अबकारी कायद्याने ह्या धंद्यावर नियंत्रण आणिले व १९४९ च्या दारूबंदी कायद्याने त्याचा कणाच मोडला.

ह्या शेवटच्या धंद्याविषयी चार शब्द स्पष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे. आजा झाडावर चढत असे, हे सांगावयास पुष्कळांस संकोच वाटतो. मग वंशवेलीत त्याच्या नावापुढे "शेतकरी" असे लिहिले जाते, किंवा काहीच लिहिले जात नाही. हा त्याच्यावर अन्याय आहे. त्या चढण्यावर मुलांच्या शाळेची फी निघाली, मुलींची लग्ने झाली. संत पौल तंबू करून पोट भरीत असे, हे शास्त्र लपवीत नाही. मग आजोबांची कोयती आपण का लपवावी?

वाचकहो, ज्यांनी रहाटाची करकर ऐकिली, अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसून तीन गोष्टी विचारून घ्या: काम कोणते होते, अवजारांची नावे काय होती, आणि ते काम कशाने बंद पडले. उत्तरे मिळतील तशी, न सजविता, वहीत उतरा. नावाशेजारी खरा धंदा लिहिला गेला म्हणजे त्या पूर्वजाचे ऋण काही अंशी तरी फिटले, असे आम्ही समजू.