दहा हजारांची पंगत

१९९९ साली डॅन केगेल या प्रोग्रामरने एक प्रश्न मांडला: एकच सर्व्हर एका वेळी दहा हजार ग्राहक सांभाळू शकेल का? यंत्रांची ताकद त्याला पुरेशी वाटत होती, घोडे अडत होते सॉफ्टवेअरच्या रचनेत. पुढे हा प्रश्न ‘सी-टेन-के’ म्हणून गाजला.

तेव्हा वेबवर अपाचेचे राज्य होते. सर्व्हर मुक्तस्रोत आणि भरवशाचा, पण प्रत्येक जोडणीमागे तो एक स्वतंत्र प्रोसेस गुंतवून ठेवी. ग्राहकाचे डायल-अप रखडत असेल, तर शेवटचा बाइट पोहोचेपर्यंत ती प्रोसेस मेमरी अडवून बसे.

मॉस्कोच्या रॅम्बलर पोर्टलमधले सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर इगोर सिसोएव्ह यांनी आधी अपाचेलाच वेग देणारे ‘मॉड-ॲक्सेल’ लिहिले. २००२ मध्ये त्यांनी नवा सर्व्हर लिहायला घेतला. पंगतीतला वाढपी एकाच पानापाशी थांबत नाही, ज्याला हवे त्याच्याकडे वळतो. या सर्व्हरची रीतही तीच. फ्रीबीएसडीतले ‘के-क्यू’ आणि लिनक्समधले ‘ई-पोल’ नुकतेच आले होते. कोणत्या जोडणीवर हालचाल आहे, तेवढेच ते कळवतात. त्यामुळे हजारो जोडण्यांना मोजक्या प्रोसेस पुरू लागल्या. ४ ऑक्टोबर २००४ रोजी ‘एनजिनएक्स’ सर्वांसाठी खुला झाला.

अशा सर्व्हरचा कस पाहणारी साधनेही मुक्तच होती. अपाचेसोबत मिळणाऱ्या ‘एबी’चा उगम मात्र प्रतिस्पर्ध्याच्या घरचा! वेब सर्व्हर विकणाऱ्या झ्यूस कंपनीतल्या ॲडम ट्विस यांचे नाव आणि १९९६ हे साल आजही एबी चालवताच पडद्यावर उमटते. एकूण विनंत्या किती आणि एका वेळी किती, हे दोन आकडे दिले की एबी सर्व्हरवर मारा करते आणि सेकंदाला किती विनंत्या निभावल्या ते सांगते. पण ती एकच पत्ता पुन्हा पुन्हा ठोठावते. लॉगिन, शोध, खरेदी असा माणसाचा प्रवास उभा करायला ‘जेमीटर’ लागतो. तो मुळात स्टेफानो माझोक्की यांनी १९९८ च्या सुमारास ‘अपाचे जेसर्व्ह’ची क्षमता तपासण्यासाठी लिहिला होता.

२०११ मध्ये एनजिनएक्सभोवती कंपनी उभी राहिली आणि २०१९ मध्ये ती अमेरिकेच्या एफ-फाइव्हने विकत घेतली. २०२४ मध्ये धोरणावरून मतभेद झाले, तेव्हा जुने विकासक मॅक्सिम दुनिन यांनी तोच कोड घेऊन ‘फ्रीएनजिनएक्स’ ही वेगळी शाखा सुरू केली. मूळ कोड बीएसडी परवान्याखाली असल्याने त्यासाठी त्यांना कोणाची परवानगी लागली नाही.