शाहू बोर्डिंग, सातारा : सर्व जातींचे एकच स्वयंपाकघर

ज्या साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी शाळेत दाखल झालेल्या बाबासाहेबांना वर्गात वेगळे बसावे लागले, त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

पार्श्वभूमी : कोल्हापुरात तेव्हा जातवार वसतिगृहे होती, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह वेगळे होते. भाऊरावांनी आधी आजच्या सांगली जिल्ह्यातील दुधगावात आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली.

सुविधा : राहणी साधी. स्वयंपाक, पाणी, झाडलोट ही कामे मुलेच करत. स्वयंपाकघर एक, पंगत एक. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी दागिने विकून मुलांना जेवू घातले.

आजचा प्रश्न : खासगी निवासी शाळांच्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव आणि डिजिटल वर्ग दिसतात. कार्यकर्त्यांनी संकुल पाहताना आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : आपल्या समाजाची मुले किती आहेत? खोल्या कशा वाटतात? शौचालय कोण साफ करते? इमारत किती मोठी आहे, यापेक्षा तिच्यात समता किती आहे, हे या उत्तरांतून कळते.